दोनशे चौदा नंबरचा बिल्ला

आमच्या बुढ्याचं डोकं फिरलं, असं मी त्या साली कॉलनीतल्या घरोघरी सांगत फिरली. आता आठवलं का आपल्याच तोंडात मारून घ्यावं वाटते.

बुढा म्हंजे माहा नवरा, हिरालाल. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाई, पन तो गेल्यापासून मी घेतो. ज्याले जे म्हनाचं ते म्हनू द्या. माहं नाव विमलाबाई. गाव आमचं आंधळगाव, पन राहत होतो चिखल्याले, मॅगनीजच्या खदानीच्या कॉलनीत. सव्वीस वर्षं तो मानूस पिंजऱ्यात उभा राहून जमिनीच्या पोटात उतरला अन् ड्युटी करून वर आला. सन ऐंशीचा माघ महिना होता. मी सुपात तांदळातले खडे येचत होती, तं हा दारात उभा राहून म्हने, "विमल, आपन बोटीनं गोव्याले जाऊ."

"कायनं?"

"बोटीनं. मुंबईहून सकाळी निंघते, दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याले लागते. मधात समुद्रच समुद्र."

"अन् गोव्याले आपलं कोन हाय?"

"कोनी नाई. म्हनूनच तं जाचं."

मी सूप खाली ठेवलं, उठली अन् त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारू पेला नव्हता.

आता जे मले मागून समजलं ते तुमाले आधीच सांगून टाकतो, उगीच जिवाले घोर नको. पंधरा दिवसांआधी तो नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. पोटात गाठ होती. डॉक्टरनं सांगलं का दिवाळी पाहशीन का नाई ते सांगता येत नाई. मले घरी येऊन म्हने, गॅस झाला. त्यानं एकाच मानसाले खरं सांगलं, डोमाले. डोमा त्याचा जोडीदार, खदानीच्या तोंडाशी बिल्ल्याच्या खिडकीवर बसे. तं गोष्ट एवढीच हाय का हिरालालले मराच्या आधी माह्यासंग समुद्र पाहाचा होता. अन् मले सोडून हे कोनाले तरी मालूम होतं.

मी इचारलं, समुद्रच काहून? तं म्हने, "सव्वीस वर्षं डोक्यावर दगड पायला, विमल. एकदा असं पाहाचं का डोक्यावर बी काई नाई अन् चहूबाजूनं बी काई नाई."

"मंग वावरात जाऊन उभे राहा ना!"

तो हासला. हासता हासता पोटाले हात लावला. मी म्हटलं, घ्या, अजून खा लाखोळीचे वडे.

खदानीतून चार वर्षांत एकदा फिराची सुट्टी भेटे. लोकं त्या सुट्टीत गावी जाऊन घर शाकारत, पोरीचं लगन उरकत. आमच्या बुढ्यानं मुंबईले कागद टाकून बोटीचा टाइमटेबल मागवला. तो आला, अन् त्यानं तो भिंतीवर बुद्धाच्या फोटोच्या बाजूले चिकटवला. कोनत्या बंदराले किती वाजता पोहोचते अन् किती वाजता सुटते, सगळं लिहेल होतं, यष्टीचा असते तसाच. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत काईतरी होतं. ते आमी वाचलं नाई. वाचता येत असतं तं आज मी हे सांगत बसली नसती.

मंग त्यानं शाळेची एक वही आनली अन् त्यात पेटी भराची यादी लिवली. बाप्पा, काय ती यादी! पेटी एकच, टिनाची, लहानवाली. मोठी कायले नाई, तं बोटीच्या शिडीवर हात मोकळा पायजे. दोन सतरंज्या, बोटीवर खाली जागा धराले. एक चादर. फिरकीचा तांब्या, घरचं पानी भरून. चार लिंबं अन् सुंठेचा तुकडा, मळमळलं तं. चिवडा अन् वडे, पन वडे पहिल्याच दिवशी संपवाचे. टिकीट अन् कागदं पेटीत नाई ठेवाचे, पोलक्यात ठेवाचे. पेटीले दोरीचे दोन वेढे, कुलूप असलं तरी. बोटीत चढाच्या आधी दोन घास कमी खाचे.

यादी वाचून झाली का म्हने, "भर पेटी."

"आत्ता? जाचं कवा हाय?"

"भर तं. पाहू किती होते."

मी भरली. त्यानं ती सगळी काढून अजून भराले लावली. अशी चार बार. मंग म्हने, "आता उचल, अन् मोटर थांबते तिथपर्यंत चाल." मी पेटी डोक्यावर घेऊन भर दुपारी कॉलनीतून चालली, हा मागून हात हालवत. बाया दारात येऊन पाहून राहिल्या होत्या. मले असा राग आला!

"तुमाले हात नाई काय? मी हमाल हाव काय?"

"तुले एकटीले उचलता आली पायजे."

"काहून एकटीले? तुमी का मुंबईले भाषन द्याले चालले?"

घरी येऊन त्यानं पेटी अजून उघडली. पेटीतून एक सतरंजी कमी करून दोघात एकच ठेवली. माह्या तीन लुगड्यांसोबत त्याचा एकच सदरा होता पेटीत. मी म्हटलं, तुमचे कपडे? तं म्हने, बोटीत मले कोन पाहते?

साहेबानं सुट्टी एप्रिल महिन्यातली मंजूर केली. बुढा नाचतच घरी आला. आता इथी नीट ऐका, कारन याच्या पुढचं सगळं माह्यामुळं झालं.

आमचा मुलूख तलावाचा. आंधळगावच्या तलावात चैत लागला का पानी आटते, मधात डबकं राहते अन् ढिवरांचे डोंगे काठावर पालथे पडून राहते. मिरग लागला, बोड्या-तलाव भरले, का मंग डोंगे पान्यात. लहानपनापासून आमी हेच पायलं. तं मी त्याले म्हटलं, "एप्रिलमधे कायले जाता? उन्हाळ्यात पानी आटलेलं असन. बोट मातीत फसली तं? मिरग लागू द्या, पानी चांगलं भरू द्या, मंग जाऊ."

तो इचार करत बसला. त्याले घाई होती, मले का मालूम! मी अजून म्हटलं, "डोंगा कवा चालते, तुमीच सांगा. भरल्या तलावात चालते का आटल्या?"

तो म्हने, "गोष्ट तं बराबर हाय."

दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं सुट्टी बदलून जूनची घेतली. डोमानं त्याले खिडकीवर लय शिव्या देल्ल्या म्हने. पन डोमाले बी हे नाई मालूम का समुद्राचं उलटं असते. तो बी इथचाच, आमच्यासारखा.

चैतात आमी आंधळगावले गेलो, माह्या ननंदेकडे. बेबी तिचं नाव, बेबीबाई म्हनते सगळे. मोठी हासरी बाई. बुढ्यानं तिथी नवं काढलं. म्हने, विमलले बोट लागते का नाई ते पाहाचं हाय. ढिवरभाऊले पटवून त्यानं उरल्यासुरल्या पान्यात डोंगा उतरवला. मी बसली, तो बसला, बेबी काठावर उभी राहून हासून राहिली. डोंगा मधात गेला तं मले काईच नाई झालं. अन् हा डोंग्याच्या काठावर वाकला अन् भडाभडा ओकला.

आमी हासलो. ढिवरभाऊ हासला. मी तं इतकी हासली का डोंगा हालला. "तळ्यात ओकनारा मानूस समुद्रात का करन व बेबी!" असं मी कितीतरी दिवस ज्याले त्याले सांगलं. तो बी हासे. त्याच्या ओकारीत काळंकाळं होतं, ते मी पायलं होतं. मी म्हटलं, जांभुळ खाल्लं असन. चैतात कुठी जांभुळ असते? पन म्हटलं.

त्याच फेरीत आमी भंडाऱ्याले गेलो. तिथी पितळेच्या दुकानांची ओळ हाय. मले वाटलं पान्याचा नवा गुंड घेऊन देते. तं यानं दुकानदाराले दोन गोल चकत्या कापाले लावल्या, रुपयापेक्षा मोठ्या, वरून भोक. एकीवर नंबर ठोकला दोनशे चौदा. तो त्याचा खदानीतला नंबर. दुसरीवर दोनशे पंधरा. म्हने, हा तुहा.

"मले कायले बिल्ला? मी खदानीत जातो काय?"

मंग त्यानं रस्त्यावर उभं राहूनच मले समजावलं. खदानीत खाली जानाऱ्यानं आपला बिल्ला खिडकीवर द्याचा. डोमा तो फळीवर खिळ्याले लटकवते. वर आला का बिल्ला काढून मानसाच्या हातात. ड्युटी सुटल्यावर फळीवर एक जरी बिल्ला राहिला, तं समजाचं का कोनीतरी खाली राहिलं. मंग साहेब असो का मुनीम, कोनी घरी नाई जात. पिंजरा परत खाली जाते. त्या मानसाले आनल्याबिगर काम बंद होत नाई.

"तं बोटीत बी असंच करू," तो म्हने. "रत्नागिरीले बोट पाऊन तास उभी राहते, लिवलं हाय टाइमटेबलात. उतरतानी बोटीच्या मुनीमाजवळ बिल्ले लटकवून द्याचे. बिल्ला लटकला हाय तोपर्यंत बोट हालू शकत नाई."

"त्याइचा कायदा असाच हाय काय?"

"मानसं नेनारी गोष्ट हाय ते, विमल. दुसरा कायदा कसा राहीन?"

मले पटलं. आज बी मले वाटते का कायदा असाच असाले पायजे होता.

रत्नागिरीचं त्यानं वहीत येगळं पान केलं होतं. उतरल्याबराबर पहिले पानी चाखाचं, खरंच खारं हाय का. मंग चपला हातात घेऊन वाळूत पाय. बेबीसाठी अकरा शिंपले. उभ्याउभ्यानं एक चहा. पाच मिनिटं बाकी राहिले का परत. पुढच्या बंदरात किल्ला हाय, तो बोटीवरूनच पाहाचा, टाइम कमी.

मे महिना सरत आला तरी टिकटाचा पत्ता नाई. मंग मुंबईहून कागद आला. बुढा ड्युटीवरून आला, हातपाय धुतले, कागद उघडला अन् खाटेवर बसला तो बसूनच राहिला. मी म्हटलं, का झालं? तं त्यानं वाचून दाखवलं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असते, म्हनून मे सरला का बोट बंद. सप्टेंबर सरल्यावर चालू होईन.

"हात् तिच्या!" मी म्हटलं. "पानी आलं का बोट बंद? ही कोनती रीत?"

तो टाइमटेबलाकडे पाहत होता. "चार महिने," म्हने.

अन् मी काय म्हटलं मालूम हाय? मी म्हटलं, "बरं झालं. धानाचा रोवना होऊन जाईन, बेबीच्या घरी हात लागन. समुद्र कुठी पळून जाते?"

त्यानं माह्याकडे पायलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यात. मी तवा समजली असती, पन माहं ध्यान चुलीवरच्या दुधाकडे होतं.

आखाडात तो अंथरुनावर पडला. अन्न ठरे ना. मी त्याच्या गैरहजेरीचा कागद द्याले खिडकीवर गेली, तं डोमा माह्याकडे पाहून रडाले लागला. एवढा मोठा मानूस, खिडकीतून हात बाहेर काढून माहे पाय धराले पाहे. "वयनी, मले त्यानं शपथ घातली होती," म्हने. अन् मंग त्यानं सगळं सांगलं. नागपूर, गाठ, दिवाळी, सगळं.

मी घरी कशी आली मले आठवत नाई. दारातूनच वरडली, "मले काहून नाई सांगलं? मी काय मेली होती?"

तो उशीले टेकून बसला होता. म्हने, "सांगलं असतं तं तू पेटी भरली असती काय? रडत बसली असती. मले तुह्यासंग हासत जाचं होतं."

"अन् एप्रिलमधे मी नाई म्हटलं तवा तरी सांगाचं! एक शब्द बोलाचा होता! मी आपल्या तोंडानं..." मी त्याच्या पायाशी बसली अन् कपाळ खाटेच्या माचव्यावर आपटलं.

त्यानं डोक्यावर हात ठेवला. "मले बी तसंच वाटलं होतं, विमल. आपल्याकडे पानी तसंच येते. तुहा दोष नाई."

त्यानं म्हटलं दोष नाई, पन मी मले माफ केलं नाई. आज बी नाई करत.

त्याच दिवशी मी सांगलं का टिकटं काढा. डोमानं धावपळ केली अन् दसऱ्याच्या नंतरची टिकटं आनली. मंग मी दिवस मोजाले लागली अन् त्याले घासघास भरवाले लागली. पेजेचं पानी पाज, डाळीचं पानी पाज. बाहेर झडीचा पाऊस, कॉलनीत चिखल. मी रोज त्याच्या उशाशी वही घेऊन बसे.

"सांगा, आज कुठी?"

"आज रत्नागिरी."

"उतरलो. बिल्ले लटकवले. मंग?"

"मंग पानी चाख."

"चाखलं. बाप्पा, खारट हाय हो!"

"वाळूत पाय टाक."

"टाकले. तुमी बी टाका ना."

तो चादरीखाली पाय हालवे. काडीसारखे झाले होते पाय. "टाकले," म्हने. मंग मी शिंपले येचे, एक, दोन, तीन, अकरापर्यंत. चहा घेऊ. तो म्हने, चहात साखर कमी हाय. मी म्हने, बोटीवाल्यांच्या गावाले का तुमची बायको चहा बनवते? असे आमी कितीक बार रत्नागिरीले जाऊन आलो, ते मोजलं नाई. त्याले माहीत होतं अन् मले माहीत होतं, पन दोघंई बोलत नव्हतो.

पोळ्यानंतर एका सकाळी त्यानं पितळेचे दोन्ही बिल्ले मागितले. माह्या हातात ठेवले. "तू जाजो," म्हने. "मी असो का नसो. रत्नागिरीले उतरजो. माहा बिल्ला बी लटकवजो."

"तुमी अन् मी दोघं जाऊन राहिलो," मी म्हटलं. "उगाच बोलू नका."

"हाव म्हन."

"हाव."

भादवा सरता सरता तो गेला. सकाळची ड्युटी चालू व्हाचा भोंगा वाजला, त्यानं डोळे उघडून दाराकडे पायलं, मंग मिटले. बोट सुटाले तेवीस दिवस बाकी होते. तेवीस. एप्रिलमधे तो आपल्या पायानं चालत होता, वडे खात होता, माही पेटी पाहून हासत होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. डोमा भेटाले आला तवा सांगून गेला का खिडकीच्या फळीवरचा टिनाचा बिल्ला साहेबानं जमा करून घेतला, दोनशे चौदा नंबर आता दुसऱ्या मानसाले भेटला. त्याचं काई चुकलं नाई, खदानीत असंच असते. पन मले असं वाटलं का घरातून अजून एकदा कोनी गेलं.

अन् मी गेली. लोकं बोलले. नवरा जाऊन महिना नाई झाला अन् बाई फिराले निंघाली. एकीनं तं तोंडावर इचारलं, "गोव्याले का हाय व?" मी म्हटलं, "तुही माय हाय." भांडाची ताकद तवा बी होती माह्यात.

त्याच्या जागेवर बेबी आली. पेटी भराले मले वही लागली नाई. मुंबईले गाडीतून उतरल्यावर त्या भल्या मोठ्या गर्दीत बेबी घाबरून माहा पदर धरून उभी राहिली, अन् मी पेटी उचलून डोक्यावर ठेवली. सहज उचलल्या गेली. चार बार भरून, काढून, वजन करून ठेवलेली पेटी ते. तवा समजलं का तो माघातच मले एकटीनं उचलाले शिकवून राहिला होता. मी तिथीच, डोक्यावर पेटी घेऊन, रडली. बेबी म्हने, "वयनी, चाल, लोकं पाहून राहिले."

धक्क्यावर बोट उभी होती. आमच्या खदानीच्या ऑफिसाएवढी उंच. आमी खालच्या डेकवर सतरंजी टाकली. दहाच्या सुमाराले बोट हालली, अन् थोड्या वेळात जमीन मागं राहिली. खरं सांगतो, त्यानं म्हटलं होतं तसंच होतं. डोक्यावर काई नाई, चहूबाजूनं काई नाई. बेबी दोनदा ओकली, तिले लिंबू देल्लं. मले काई नाई झालं. मी कठड्याले धरून उभी होती अन् मनात म्हनत होती, पाहा, पाहा ना, पाहून घ्या.

सांज व्हाले आली तसे लोकं म्हनाले लागले, रत्नागिरी आली. मी लुगडं नीट केलं, चपला पुसल्या, बिल्ले हातात घेतले. बेबीले म्हटलं, पेटीपाशी बस, मी तुह्यासाठी शिंपले आनतो. अन् बोटीच्या मुनीमाची खिडकी शोधत गेली. कोकनातला म्हातारा मानूस होता, चष्मेवाला. त्याच्या मागच्या फळीवर खिळ्यांना किल्ल्या लटकलेल्या होत्या. ते पाहून माह्या जिवात जीव आला. म्हटलं, हे तं आमच्या डोमासारखंच हाय.

"हे काय, मावशी?"

"बिल्ले हाय जी. दोन मानसं रत्नागिरीले उतरून राहिलो. लटकवून ठेवा, पाऊन तासात येतो."

"तिकीट कुठलं तुमचं?"

"गोव्याचं."

"मग इथे कशाला उतरता? इथे होड्या येतात, रत्नागिरीचे लोक घेऊन जातात, नवे आणतात, की आपण निघालो."

"म्हनून तं बिल्ला देऊन राहिलो. बिल्ला लटकलेला असला का निंघता येत नाई ना."

त्यानं चष्मा काढला. "कोणी सांगितलं तुम्हाला? अहो, बोट अशी थांबत नाही. मधे उतरला तो उतरला. त्याच्यासाठी कोणी मागे येत नाही."

मागं उभ्या चारदोन बाया हासल्या. मले असा संताप आला का काय सांगू! मी खिडकीवर थाप मारली. "येत नाई म्हंजे? मानसं नेता का धानाचे पोते? आमच्या खदानीत एक बिल्ला राहिला तं सगळे थांबते! एका मानसासाठी पिंजरा परत खाली जाते! अन् तुमी म्हनता उतरला तो उतरला?"

अन् बोलता बोलता माहंच बोलनं माह्या कानावर आलं. उतरला तो उतरला. महिनाभर सगळे मले म्हनत होते, धीर धर, सगळ्याइलेच जाचं हाय. हे एवढं सरळ कोनी सांगलं नव्हतं. माहा हिरालाल मधातच उतरला होता. अन् तो आपल्या पायानं जाऊ शकत होता तवा मीच त्याले म्हटलं होतं, पानी भरू द्या. मी तिथीच खाली बसली अन् मोठ्यानं रडली. लाजबिज काई राहिली नाई.

हासनाऱ्या बायांतल्या एकीनं मले पानी देल्लं. मुनीम खिडकीतून बाहेर आला. मी त्याले सगळं सांगलं, वहीचं, डोंग्याचं, एप्रिलचं, जूनचं, तेवीस दिवसांचं. सांगून झालं तवा त्यानं माह्या मुठीतले दोन्ही बिल्ले घेतले, आत गेला अन् किल्ल्यांच्या बाजूले एका रिकाम्या खिळ्याले लटकवले.

"उतरता नाही येणार, मावशी," म्हने. "पण हे राहू देत इथे."

मी कठड्याशी जाऊन उभी राहिली. खाली होड्या बोटीले येऊन लागल्या होत्या, लोकं शिडीवरून उतरत होते, त्याइचे घरचे हाका मारत होते. गावाचे दिवे लागले होते. कुठी वाळू, कुठी चहावाला, काई दिसत नव्हतं. मी हाव म्हटलं होतं त्याले, अन् मी उतरू शकली नाई. थोड्या वेळानं होड्या फिरल्या अन् बोट चालू झाली. पाऊन तास बी झाला नव्हता.

सकाळी गोवा आला. सगळे आपापलं सामान घेऊन शिडीकडे पळून राहिले होते. मी पेटीले दोरीचे दोन वेढे देल्ले, बेबीले पुढं घातलं अन् खिडकीशी गेली. मुनीमानं उठून खिळ्यावरचे बिल्ले काढले अन् दोन्ही माह्यापुढं ठेवले. मी दोनशे पंधरा नंबरचा उचलला, पोलक्यात टाकला अन् चालाले लागली.

"मावशी!" तो मागून हाक मारून राहिला. "मावशी, एक राहिला इथे!"

मी फिरून पायलं. म्हटलं, "त्याले लटकवून ठेवा जी. तो मानूस अजून बोटीवरच हाय."